भाड्याच्या घरात एक दिवा तरी आपला

तेरणाकाठ (लातूर) | रविवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

बारा वर्षांतलं हे आमचं सहावं भाड्याचं घर. यांची नोकरी बदलीची, त्यामुळं परभणी, हिंगोली, नांदेड, पुन्हा परभणी, उदगीर असं फिरणं झालं. आता लेक अकरावीला आहे. तिच्या क्लाससाठी आम्ही दोघी लातूरला दोन खोल्या घेऊन राहतोय, हे शनिवारी येतात. आमच्या गल्लीतच अशा चार-पाच आया आहेत, कुणी देगलूरहून आलेली, कुणी अंबाजोगाईहून.

भाड्याच्या घरात भिंतीचा रंग आपला नसतो, फरशी आपली नसते, ओट्याची उंचीसुद्धा दुसऱ्याच्या मापाची असते. खिळा ठोकायचा तर आधी फोन करायचा. हे सगळं मला मान्य आहे, घर त्यांचं आहे. पण दिवेलागणीला मला फार उदास वाटायचं. सहाही घरांत दारावर तीच एक चार फुटी पांढरी पट्टी. बटण दाबलं की सगळी खोली एकदम उघडी पडते. कोपऱ्यातल्या गाद्या, कपड्यांची दोरी, भिंतीची ओल, सगळं एकसारख्या उजेडात. ताटातली भाकरीसुद्धा फिकी दिसते.

गेल्या दिवाळीत लेकीनं कागदाचा आकाशकंदील केला. घरमालकांनी स्वतः गॅलरीत हूक लावून दिला. आकाशकंदील हा असा एकच दिवा आहे की जो टांगायला भाडेकरूला कुणी नाही म्हणत नाही. तुळशीचं लग्न झाल्यावर मी तो उतरवला आणि फाटू नये म्हणून आत खिडकीच्या गजाला अडकवला. त्या संध्याकाळी सहज तोच लावला, पट्टी लावलीच नाही. आमची पोपटी भिंत उन्हातल्या हळदीच्या पानासारखी दिसायला लागली. गाद्यांचा कोपरा अंधारात गेला, सतरंजीवर तेवढा उजेड राहिला. लेक म्हणाली, "आई, राहू दे हा. आता घर आपलं वाटायलंय."

तेव्हापासून माझं मन यातच आहे. भाड्याच्या घरात उजेड तेवढा आपल्या हातात असतो. भिंतीला हात न लावता खोली बदलते आणि घर सोडताना दिवा आपल्याबरोबर येतो. मला आता एक नजरेत भरेल असा, टिकणारा दिवा करायचाय. बाहेरच्या खोलीत आम्ही सतरंजी टाकून जेवतो, त्या कोपऱ्यावर. छताला भोक पाडायचं नाही, पंख्याच्या हुकाला हात लावायचा नाही आणि हजाराच्या आत बसवायचं. मनात बांबूची दुरडी आहे, उलटी टांगलेली.

तुम्ही कुणी असं केलंय का? कसं टांगलंत? आणि काय बिघडलं तेही सांगा, म्हणजे माझं बिघडणार नाही.

पूर्णा जंक्शन (परभणी जिल्हा) | रविवार, रात्री १०.१५

ताई, बिघडलेलंच आधी सांगतो. मी चिकटणारा हूक लावला होता. पाकिटावर दोन किलोचं वजन लिहिलेलं, माझा दिवा पाऊण किलोचा. भिंतीला डिस्टेंपर आणि त्याखाली जुना चुना. आठवडाभर टिकला. पहिला पाऊस पडला त्या रात्री हूक हातभर पापुद्रा घेऊन खाली आला. हुकाचा गोंद शेवटपर्यंत पक्का होता, भिंतच सुटली. डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापले गेले आणि ते बरोबरच होतं.

आता मी रंगाच्या भिंतीला काही चिकटवत नाही. टाइल्स, लाकडी चौकट आणि लोखंडी कपाट, या तीनच जागा. कपाटावर एक छोटा दिवा भिंतीकडे तोंड करून ठेवलाय. उजेड भिंतीवर आपटून मऊ होऊन येतो. खर्च काहीच नाही.

रोशन गेट (छत्रपती संभाजीनगर) | रविवार, रात्री ११.०५

माझ्याकडे आजीच्या घरातली काचेची हंडी आहे. गोल, तळाशी जरा निमुळती, पूर्वी तिच्यात तेलाचा दिवा असायचा. चार घरं झाली, ती माझ्याबरोबर आहे. घर बदलताना सगळं सामान टेम्पोत जातं आणि हंडी दुलईत गुंडाळून रिक्षात माझ्या मांडीवर येते.

टांगायचं म्हणाल तर आधी वर बघा. जुन्या घरांत झोपाळ्याच्या कड्या स्लॅबमध्ये पक्क्या बसवलेल्या असतात आणि झोपाळा कधीच गेलेला असतो. माझ्या सध्याच्या घरात तशा चार कड्या आहेत. एकीला साखळी लावून हंडी सोडलीय. वायर साखळीच्या कड्यांतून ओवून भिंतीशी आणली आणि साध्या प्लगला लावली.

बल्बच्या बाबतीत मी दोनदा चुकले. पहिला बल्ब कूल डे लाइट, ६५०० केल्विनचा. केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा मोठा तेवढा उजेड निळसर पांढरा, लहान तेवढा पिवळा. हंडीची काच अगदी दवाखान्यातल्या बाटलीसारखी दिसली. दुसरा पिवळा आणला, पण ९ वॅटचा. काच पारदर्शक असल्यानं बल्ब थेट डोळ्यांत शिरायचा, हंडी दिसायचीच नाही. आता ४ वॅटचा, आत तारा दिसतात तो एलईडी आहे, २७०० केल्विन. काचेवरचे बारीक बुडबुडेसुद्धा दिसतात. खोलीत वाचायला तो पुरत नाही आणि पुरावा अशी माझी अपेक्षाही नाही. वाचायला दुसरा दिवा आहे.

गोदाकाठ (नांदेड) | सोमवार, सकाळी ८.२०

रोशन गेटताई, वाचून अंगावर काटा आला. माझ्याकडे सासूबाईंची पितळेची घागर आहे. तिला बारीक भोकं पाडून आत बल्ब सोडायचा विचार करतेय. भिंतीवर चांदण्यांसारखे ठिपके पडतील. कुणी केलंय का?

रोशन गेट (छत्रपती संभाजीनगर) | सोमवार, सकाळी ९.००

गोदाकाठताई, हात जोडून सांगते, भोकं पाडू नका. एकदा पाडलेलं भोक बुजत नाही आणि ती घागर पुन्हा कधी पाणी धरणार नाही. भोकांचा दिवाच हवा असेल तर बाजारात तसाच पितळी दिवा मिळतो, त्यात कुणाचं पाणी भरलेलं नसतं.

मी काय करीन ते सांगते. घागर चिंच लावून लख्ख घासायची, कोपऱ्यात पाटावर ठेवायची आणि तिच्या मागं, भिंत आणि घागर यांच्या मधे, जमिनीवर एक छोटा पिवळा दिवा ठेवायचा. बल्ब दिसत नाही. घागरीच्या कडेनं सोनेरी रेघ उमटते आणि मागची भिंत उजळते. बहिणीच्या घरी तांब्याचा हंडा असाच ठेवलाय.

गोदाकाठ (नांदेड) | सोमवार, सकाळी ९.१०

पटलं. भोकं रद्द.

बत्ती आणि बटण (परभणी) | सोमवार, दुपारी २.३०

तेरणाकाठताई, दुरडी चालेल. मी बावीस वर्षं वायरिंगची कामं करतोय. जरा लांबलचक लिहितो, पण सगळं वाचा.

पहिलं म्हणजे दिव्याचं वजन वायरीवर टाकू नका. दुरडी हलकी असली तरी तिला सुती दोरी किंवा साखळी द्या आणि वायर तिच्या शेजारून ढिली सोडा. होल्डरच्या टोपणाच्या आत वायरीला गाठ मारायची. ओढ आली तर ती गाठीवर येते, स्क्रूखालच्या तारांवर येत नाही. लोक ही गाठ विसरतात आणि दोन वर्षांनी तार सुटून आत ठिणग्या उडतात.

दुसरं, बांबू वाळलेला असतो आणि वाळलेली वस्तू पेटते. जुना ६० वॅटचा तारेचा बल्ब त्यात अजिबात नको. ९ वॅटचा एलईडी तेवढाच किंवा थोडा जास्त उजेड देतो, साधारण ८०० ते ९०० ल्युमेन (उजेड किती पडतो त्याचं माप). 'एलईडी तापत नाही' असं दुकानात सांगतात ते अर्धंच खरं आहे. काच गार असते पण बूड चांगलं गरम होतं आणि आतलं सर्किट तिथंच असतं. दुरडीच्या वरच्या बाजूनं हवा जाऊ द्या. बंद डब्यात कोंडलेला बल्ब लवकर जातो, मग लोक कंपनीला दोष देतात.

होल्डरचं बघा. आपल्याकडं घरात जो पिनांचा असतो तो बी-२२ आणि चुडीचा असतो तो ई-२७. बाहेरचे शोभेचे दिवे बहुतेक चुडीचे येतात. एकाचं दुसरं करणारा जोड कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो, त्यासाठी घरमालकाचा होल्डर बदलू नका.

दिवा लोखंडाचा, पितळेचा असेल तर तीन तारांची वायर आणि तीन पिनांचा प्लग लागतो आणि बॉडीला अर्थिंग जोडावं लागतं. जुन्या घरात बोर्डावर तिसरं भोक असतं, पण त्याच्यामागं कधीकधी तारच नसते. वायरमनकडून टेस्ट लॅम्प लावून खात्री करून घ्या. अर्थिंग नसेल तर धातूचा दिवा त्या घरात लावू नका, बांबू-कापडाचाच लावा. बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की आपोआप लाइन तोडणारा स्विच, असेल तर फारच चांगलं.

उजेड कमी-जास्त करायला पंख्याचा रेग्युलेटर जोडू नका. गेल्या उन्हाळ्यात एका घरी बघितलं, बल्ब सारखा लुकलुकत होता आणि आठ दिवसांत गेला. डिमरवर चालतो असं ज्या बल्बच्या खोक्यावर लिहिलंय तोच डिमरला लावायचा. त्यापेक्षा ५ आणि ९ वॅटचे दोन बल्ब घेऊन ठेवा.

खोक्यावर दोन गोष्टी वाचा. एक म्हणजे बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) शिक्का आणि त्याखालचा 'आर'नं सुरू होणारा नोंदणी क्रमांक. दुसरी, व्होल्टेज किती ते किती चालतं. आपल्याकडं संध्याकाळी व्होल्टेज पडतं, त्यामुळं ज्याची कक्षा मोठी तो घ्या. आणि बिलाची काळजी नको. ९ वॅटचा बल्ब रोज पाच तास लावला तर महिन्याला सव्वा ते दीड युनिट.

माळवद (औसा) | सोमवार, रात्री १०.५०

मी एक वेगळं सांगतो.

आम्ही किल्लारीच्या पट्ट्यातले. ३० सप्टेंबर १९९३ची भूकंपाची पहाट, गणपती विसर्जन करून लोक नुकते झोपलेले. मी आठ वर्षांचा होतो. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वर मातीचं जड माळवद. ज्यांच्या अंगावर ते आलं त्यांचं काय झालं ते सगळ्या मराठवाड्याला माहीत आहे. त्यामुळं माझ्या डोक्यावर काही टांगलेलं मला आजही चालत नाही. हंडी असो, झुंबर असो, लोक हौसेनं पलंगावर टांगतात. कृपा करून झोपायच्या जागेवर जड काही टांगू नका. दुरडी हलकी आहे, तिचं ठीक आहे, पण तीसुद्धा उशाकडं नको.

आमच्या त्या जुन्या घरात भिंत अडीच फूट जाड होती आणि तिच्यात देवळ्या होत्या. आजी दिवेलागणीला देवळीत चिमणी ठेवायची. वारा ज्योतीपर्यंत पोचायचा नाही. उजेड त्या चौकोनातून बाहेर यायचा आणि समोरच्या माणसाच्या तोंडावर पडायचा. देवळीच्या वरचा दगड काजळीनं काळा मखमली झाला होता, मी त्याला बोट लावून कपाळाला टिळा लावायचो. पुनर्वसनात मिळालेलं घर पक्कं आहे, त्यात आम्ही निर्धास्त झोपलो, त्याचं ऋण आहेच. पण भिंत पातळ, देवळी कुठून येणार? आजी कितीतरी दिवस संध्याकाळी दिवा हातात घेऊन उभी राहायची, आता कुठं ठेवू म्हणून.

आता मी नोकरीनिमित्त औशात भाड्यानं राहतो. फळांची लाकडी पेटी घेतली, एक फळी काढून कोपरे घासले, आतून गेरू दिला आणि छातीएवढ्या उंचीच्या कपाटावर आडवी ठेवली. आत मागच्या कडेला ३ वॅटचा पिवळा दिवा, समोरून दिसू नये म्हणून पुढं दोन इंचाची पट्टी. तीच माझी देवळी. घरात येणारा प्रत्येक माणूस आधी तिकडंच बघतो. आई आली की तिच्यापुढं हात जोडते, आत देव नसला तरी.

तेरणाकाठ (लातूर) | सोमवार, रात्री ११.२०

माळवददादा, दोनदा वाचलं. लेकीलाही वाचून दाखवलं. झोपायच्या जागेवर काही टांगणार नाही, शब्द देते.

वरचा मजला (नांदेड) | मंगळवार, सकाळी ७.४५

मी घरमालक आहे, खालचा मजला भाड्यानं देतो. आमच्या बाजूनं दोन शब्द.

आम्हाला दिव्याची भीती नसते. भीती असते ती स्लॅबला मारलेल्या भोकाची, कारण पावसाळ्यात पाणी तिथूनच उतरतं, आणि एकाच बोर्डावर चार मल्टिप्लग लावण्याची. विचारलं तर मी स्वतः हूक बसवून देतो. मागच्या वर्षी एक शिक्षिका राहायला आल्या, त्यांना व्हरांड्यात दिवा हवा होता. मी हूक आणि बटण दोन्ही करून दिलं. त्या गेल्या, हूक पुढच्यांना उपयोगी पडला.

करार लेखी करा आणि नोंदवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९च्या कलम ५५ प्रमाणे तो लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. बहुतेक ठिकाणी ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स असतो. त्यात 'घरात बदल करू नये' अशी ओळ असतेच. प्लगला लावलेला दिवा म्हणजे बदल नाही. पण आमचं फिटिंग काढून तुमचं बसवणार असाल तर आधी फोटो काढा, मला पाठवा. काढलेलं फिटिंग कागदात गुंडाळून त्यावर खोलीचं नाव लिहून माळ्यावर ठेवा. जाताना ते परत बसवलं की डिपॉझिटची कटकट राहत नाही.

नाथसागर (पैठण) | मंगळवार, दुपारी ४.१०

कापडाची शेड करणाऱ्यांसाठी माझा अनुभव. आईची एक पैठणी घड्यांवर विरली होती. काठ आणि थोडा पदर चांगला राहिला होता. मला वाटलं, तारेच्या गोल सांगाड्यावर काठ शिवून दिवा करावा. केला. दिवा लावला आणि रडू आलं. रेशीम जांभळ्या निखाऱ्यासारखं पेटलं होतं, पण त्यावरची जर पूर्ण काळी पडली होती. असावलीची, म्हणजे फुलापानांच्या नक्षीची वेल, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, ती नुसती सावली. जर धातूची, तिच्यातून उजेड आरपार जात नाही, हे मला आधी सुचायला हवं होतं.

मग शिवण उसवली. काठ पाटीवर ताणून काचेखाली बसवला, फ्रेम कपाटावर टेकवून ठेवली आणि वरून एक छोटा दिवा काठावर पाडला. जरीला उजेड समोरूनच हवा असतो. आता वेलीचं एक-एक पान वेगळं चमकतं. दिवा रोज लावत नाही, फार उजेडानं रेशमाचा रंग उडतो. सणावाराला आणि कुणी आलं की लावते.

शेडसाठी साधं विणलेलं, एकरंगी कापड घ्या. जाडी पांढरी खादी उत्तम. बल्ब आणि कापड यात वितभर अंतर ठेवा.

पूर्णा जंक्शन (परभणी जिल्हा) | मंगळवार, रात्री ९.३०

टांगायची युक्ती सुचली. ताई, जेवायच्या कोपऱ्याजवळ माळा आहे का, सामान ठेवायचा? असेल तर त्यावर एक बांबू आडवा टाका. दोन भाग माळ्यावर, एक भाग बाहेर. आतल्या टोकावर जड पेटी ठेवा. बाहेरच्या टोकाला दिवा. छताला, भिंतीला कुठंच हात लागत नाही.

तेरणाकाठ (लातूर) | पुढच्या रविवारी, रात्री ८.३०

मंडळी, दिवा लागला. सविस्तर लिहिते.

काल सकाळी गंजगोलाईच्या बाजाराकडं गेले. आमच्या नेहमीच्या वाटेवर एक बुरूड काकू फुटपाथवर सुपं, टोपल्या मांडून बसतात. त्यांना सांगितलं, सोळा इंच तोंडाची दुरडी हवी आणि बुडाला भोक. त्यांनी विचारलं, "भाकरी खाली पडल की मग?" मी दिव्याचं सांगितलं. त्यांनी दुरडी डोळ्यापुढं धरली, उन्हाकडं करून आरपार बघितलं आणि ती परत ठेवून दुसरी काढली. म्हणाल्या, हिची वीण सैल आहे, उजेड जाईल.

मग दुरडी उलटी मांडीत धरली. बुडाच्या मधल्या दोन कामट्या सुरीच्या टोकानं उचलल्या, कापल्या नाहीत, नुसत्या बाजूला सारल्या. पाण्यात भिजवलेली एक पातळ पट्टी घेऊन त्या फटीभोवती फिरवली आणि शेवटचं टोक आत खोवलं. अंगठ्यानं चेपून बघितलं. होल्डरची मान बरोबर त्यात बसली, जणू तेवढ्याचसाठी विणलंय. पाच मिनिटांचं काम. भोकाचे वेगळे पैसे त्यांनी घेतले नाहीत, मी बळंच दिले.

पूर्णा जंक्शनदादा, तुमचीच युक्ती. सहा फुटांचा बांबू, चार फूट माळ्यावर, दोन फूट बाहेर. आतल्या टोकावर गोधड्यांची पत्र्याची पेटी आणि बांबूला तिच्या कडीशी काथ्यानं बांधलंय. गल्लीतल्या वायरमनकडून जोडणी करून घेतली. बत्तीदादा, त्यांना गाठीचं सांगायच्या आधीच त्यांनी गाठ मारली, तुमची आठवण आली. खर्च असा: दुरडी आणि भोक २००, वायर-प्लग-होल्डर १८०, बल्ब १२०, बांबू ८०, दोरी ३०, मजुरी १००. सातशे दहा.

दोन गोष्टी लगेच बिघडल्या.

दिवा मी जमिनीपासून साडेचार फुटांवर बांधला होता, उभं राहिल्यावर छान दिसत होता. जेवायला खाली बसलो आणि बल्ब सरळ डोळ्यांत. आपण खुर्चीवर बसत नाही, सतरंजीवर बसतो, हे लक्षातच आलं नव्हतं. बसल्यावर डोळे जमिनीपासून जेमतेम अडीच फुटांवर असतात. दोरी सोडत सोडत दुरडीचा काठ सव्वातीन फुटांवर आणला, तेव्हा बल्ब काठाआड गेला आणि ताटावर तेवढा उजेड राहिला. कोपऱ्यात असल्यानं कुणाचं डोकं लागत नाही, तिथून येणं-जाणंच नाही.

दुसरं, पंखा. आपल्याकडं पंख्याशिवाय जेवण होतच नाही. पंखा लावला की दुरडी डुलायची आणि विणीची जाळी सगळ्या भिंतीवर फिरायची. लेकीला गरगरायला लागलं. मग काठाला पातळ दोरा बांधून खिडकीच्या गजाला अडकवला. आता जाळी जागच्या जागी असते, पोपटी भिंतीवर चौकटी-चौकटीची, माझ्या खांद्यापासून छतापर्यंत.

उजेड ३००० केल्विनचा आहे. काल ज्वारीची भाकरी केली होती. तिच्यावरचे करपलेले ठिपके, पापुद्र्याखालची वाफ, ठेच्यातल्या मिरचीची साल, सगळं रंगासकट दिसत होतं. हे जेवताना दोनदा म्हणाले, आज भाजणी चांगली झालीय. भाजणी रोजचीच होती.

लेकीच्या अभ्यासाला मात्र हा दिवा नाही. तिला ४००० केल्विनचा टेबलाचा वेगळा दिवा आहे, ती उजव्या हातानं लिहिते म्हणून डाव्या बाजूला ठेवलाय. आणि तो लावला की दुरडीही चालू ठेवते. आजूबाजूला मिट्ट अंधार आणि वहीवर तेवढा लख्ख उजेड असला की तिचे डोळे शिणतात.

घरमालक काल सहज डोकावले. आधी छताकडं बघितलं, मग बांबूकडं, मग पेटीकडं. म्हणाले, "खिळा कुठंय?" मी म्हटलं, एकही नाही. ते खाली सतरंजीवर बसले आणि चहा घेऊनच गेले. या घरात ते पहिल्यांदाच बसले.

गोदाकाठ (नांदेड) | पुढच्या रविवारी, रात्री ९.००

किती छान ताई! माझी घागर पण उजळली. पावसाळ्यात किड्यांचं काय करायचं? पट्टी लावली की आमच्याकडं पाखरांचा खच पडतो.

बत्ती आणि बटण (परभणी) | पुढच्या रविवारी, रात्री ९.२०

पिवळ्या उजेडाला किडे कमी येतात, निळसर पांढऱ्याला जास्त. येतील ते थोडे येतीलच. दिवा खिडकीपासून लांब ठेवा आणि दिवेलागणीच्या आधी जाळी लावा. दुरडी दर आठवड्याला कोरड्या ब्रशनं झाडा, वीण धूळ धरते. झाडताना प्लग काढलेला पाहिजे आणि ओलं फडकं नको.

मन्याडची (देगलूर) | पुढच्या रविवारी, रात्री १०.१०

तेरणाकाठताई, मी आजवर नुसती वाचत होते. मीही लेकासाठी लातूरलाच खोली करून राहते, एकच खोली आहे. त्या काकूंकडं माझ्यासाठीही एक दुरडी सांगाल का? भोकासकट.

तेरणाकाठ (लातूर) | पुढच्या रविवारी, रात्री १०.२५

उद्याच सांगते. तोंड सोळा इंचाचं की लहान?

मन्याडची (देगलूर) | पुढच्या रविवारी, रात्री १०.३०

चौदा. आमचा माळा अरुंद आहे. आणि वीण सैलच बघा ताई.